धरतरीचं पान

आधी गुन्हा कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं राहील. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी एका अख्ख्या पाड्याचा रस्ता शाळेच्या शंभर फूट अलीकडे, भर खाचरात, एका मोहाच्या झाडापाशी संपवला. आकडेमोड बरोबर होती. चारशे गुणिले सहा गुणिले अर्धा. तीनदा तपासली होती. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि हात असे झटकले होते, की खडूची पूड सगळ्यांना दिसावी. रस्त्याला बिचाऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तो मोहापाशीच थांबला.

त्या वेळची मी डोळ्यांसमोर आणायची, तर एक काठी घ्या आणि तिला नऊवारी नेसवा. वर चष्मा ठेवा. चष्म्याचा नंबर फार नव्हता, पण मी तो झोपतानाही काढत नसे, असं माझी धाकटी बहीण सांगत असे. जव्हारात मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली. संस्थान नुकतंच मुंबई राज्यात विलीन झालं होतं. माझे वडील कचेरीत कारकून. एका सकाळी ते दरबारचे नोकर म्हणून घरातून निघाले आणि संध्याकाळी सरकारचे नोकर होऊन परतले. खुर्ची तीच, दौतही तीच. फरक एवढाच, की जेवताना आई म्हणाली, "म्हणजे आता मुजरा कोणाला करायचा?" आणि बाबांनी ताक मागितलं.

खेडोपाडी शाळा निघत होत्या, शिकलेल्या मुली मिळत नव्हत्या. मला साखरशेतच्या पुढच्या एका पाड्यावर नेमलं. पत्र्याची ट्रंक, छत्री आणि अंकगणिताचं पुस्तक घेऊन मी बैलगाडीतून उतरले, तेव्हा माझी पक्की समजूत होती, की या पाड्यावर गणित पहिल्यांदा येतंय ते माझ्याबरोबरच.

पाड्यावर बुधीबाय होती.

बुधवारी जन्मली म्हणून बुधी. साल कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं, बुधवार मात्र पक्का. तेव्हा पन्नाशीची असावी. बुटकी, रुंद, पिंडऱ्या उखळासारख्या. पाड्यावरच्या वीस बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती. लगीनसराई आली की या बायका गावोगाव मांडवाखालची जमीन करून द्यायच्या. सुगीआधी खळी करायच्या. माती टाकायची, मुरुम पसरायचा, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यांनी चोपून चोपून अशी सपाट करायची, की सांडलेला दाणा न दाणा उचलता यावा.

तिची माझी पहिली भेट माझ्या खोलीच्या दारात झाली. पाटलांच्या पडवीतली खोली मला दिली होती आणि ती सारवायची होती. बुधीबाय आली, उंबऱ्याशी उकिडवी बसली, तळहात जमिनीवर टेकवला, डोळे बारीक करून कोपऱ्याकोपऱ्यातून नजर फिरवली आणि म्हणाली,

"नऊ पानं. दहावा आला तर उंबऱ्यात बसंल."

मी म्हटलं, "अहो, मी एकटी आहे. नऊ माणसांचा स्वयंपाक मला नाही जमणार."

ती हसली. अशी हसली, की पाटलीणबाई आतून पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. "आवं, जेवाया कोण नाय येत! शेण किती लागंल त्याचा हिशेब लावतंय मी!"

तेव्हा मला कळलं. बुधीबायचं माप म्हणजे पान. एक माणूस मांडी घालून जेवायला बसला आणि त्याच्यापुढे पान मांडलं, की जेवढी जागा व्यापते तेवढी. ती कुठलीही जमीन बघायची ती माणसं बसवून. रिकाम्या अंगणाकडे बघता बघता तिच्या डोळ्यांसमोर पंगत बसत असे. डावीकडून एक एक माणूस येऊन बसायचा आणि जागा भरली की ती थांबायची. मुरुम असेल तर पानाला एक पाटी. फोडलेला दगड असेल तर पानाला चार. गणती विसांत. चाळीस म्हणजे दोन विसा, ऐंशी म्हणजे चार.

मी तिला लांबी गुणिले रुंदी समजावून सांगितली. पुस्तक उघडून, आकृती दाखवून. तिने आकृतीकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "घर तर बरा हाय. पण यात माणसा कुठं हायेत?"

माणसांनाही ती याच मापाने मोजायची. आमचे पाटील चांगले गरगरीत. ते दीड पान. त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि ते हसायचे. मी पाऊण पान. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पाऊणपान पडलं. वर्गात मी "मुलांनो, शांत बसा" म्हणायचे आणि बाहेरून जाता जाता ती ओरडायची, "पाऊणपान, जेवलीस का?" मग कसली शिस्त अन् कसलं काय.

तिच्या घराच्या दारापुढे, उंबऱ्याला लागून, तांबड्या मुरुमाचा एक तुकडा होता. बाकीचं अंगण काळ्या मातीचं आणि मधेच हा तांबडा चौकोन, एका माणसाच्या मांडीएवढा. त्यावर कोंबडी आली तरी ती हाड् हाड् करत धावायची. घरची माणसं त्याला वळसा घालून आत शिरत. मला वाटलं, देवाबिवाची जागा असेल. विचारलं तर म्हणाली, "दरबारचं पान हाय."

त्याची कथा अशी. संस्थान होतं तेव्हा कचेरीपुढचं पटांगण करायला हिच्या टोळीला जव्हारात बोलावलं होतं. तिथल्या कारभाऱ्याने दोरी-पट्ट्या लावून मुरुमाच्या गाड्यांचा आकडा काढला होता. हिने पटांगणाच्या कडेला तळहात टेकवला, पंगत बसवली आणि म्हणाली, तेवढ्या नको, पाच गाड्या कमी आणा. कारभारी चिडला. म्हणाला, कमी पडला तर उन्हात उभी करीन. "करा," म्हणाली. काम संपलं. कोपरान् कोपरा भरला. आणि शेवटी मुरुम उरला तो किती? एक पाटी. ती पाटी तिने डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून, सगळ्यांना दिसावी म्हणून हळूहळू चालत, पाड्यापर्यंत आणली आणि आपल्या दाराशी चोपून बसवली. "पुऱ्या दरबारात माझी चूक येवढीच," म्हणायची, "म्हणून दारात ठेवलीय." त्या चौकोनावर बसायचा मान तिने कोणाकोणाला दिला होता, तेही तिला पाठ होतं. आजवर चौघं. पाटील त्यांत नव्हते. "अर्धा भाईर यील त्यो."

आता रस्त्याचं सांगते.

शाळेची नवी झोपडी पाड्याच्या पलीकडे, उंचवट्यावर होती. जागा छान, पण मधे चारशे फूट भाताची खाचरं. पावसाळ्यात तिथे मुलगा कमरेइतका रुतेल आणि मुलगी गळ्याइतकी. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. माघ महिना होता, खाचरं कोरडी ठणठणीत. पण साहेब मुरलेले. त्यांनी काठी जमिनीत खुपसली, ओढून बघितली आणि म्हणाले, "आषाढात पुन्हा येईन. या बुटांनी, पाय न भिजवता शाळेत पोचलो, तर शाळा इथे राहील. नाही पोचलो, तर पलीकडच्या गावी हलवीन. चार महिने बंद राहणारी शाळा मला काय कामाची?"

साहेब गेल्यावर बुधीबाय म्हणाली, "माणूस एका पानाचा, बूट दोन पानांचं." पण ती हसली नाही. तिची नात सखी पहिलीत होती. आठच दिवसांपूर्वी सखीने कोळशाने घराच्या कुडावर 'बुधी' असं लिहिलं होतं आणि बुधीबायने तेवढा कूड न सारवता ठेवला होता. पलीकडच्या गावी शाळा गेली, तर मधे ओहळ. सखी पुन्हा गुरांमागे.

गावाने ठरवलं, ओहळातला दगड फोडून आणायचा आणि खाचरांतून पक्की वाट बांधायची. प्रश्न एकच, दगड किती लागेल? मी पुढे सरसावले. दोरीला फुटाफुटावर गाठी मारून वाट मोजली. चारशे फूट लांब, सहा फूट रुंद, अर्धा फूट जाड. बाराशे घनफूट. पाटीत अर्धा घनफूट दगड मावतो, म्हणजे चोवीसशे पाट्या. पाड्यावर राबती माणसं ऐंशी. माणशी तीस पाट्या. फळ्यावर लिहिलं, दोन रेघा, हात झटकणे, वगैरे.

बुधीबाय म्हणाली, "मी माझ्या रीतीनं बघते."

आणि तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी सबंध पाडा वाटेवर आणून बसवला. ऐंशी माणसं, चौघं-चौघं शेजारी, मांडी घालून, एकामागे एक ओळी. पुढ्यात पान नाही, अन्न नाही, नुसती पंगत. पंगत बसली की शेवटच्या ओळीशी ती एक खडा पदरात टाके. "उठा! फुडं सरा!" की सगळी उठून पुढे, पुन्हा बसायची. म्हातारे कण्हत होते, बायका फिदीफिदी हसत होत्या. एक जण ओरडला, "बुधीबाय, वाढपी कवा यायचं?" दहाव्या पंगतीला वाट शाळेच्या दाराशी संपली. पदरात दहा खडे. दहा पंगती, दर पंगतीत चार विसा पानं, पानाला चार पाट्या.

"माणशी चाळीस," ती म्हणाली.

मी तिच्याकडे दयेने बघितलं. मनात खूष होते, कारण तिची पानं आणि माझे फूट तंतोतंत जुळले होते. तिच्या आठशे पानांत माझ्या चोवीसशे पाट्या भागल्या, की पानाला तीन; फरक फक्त एका पाटीचा. मी म्हटलं, "बुधीबाय, पानाला तीनच पाट्या बसतात. चौथी कशाला?"

"तीन माणसांच्या," ती म्हणाली. "चौथी धरतरीची. धरतरी जेवल्याबिगर उठत नाय."

धरतरी म्हणजे भूमाता. झालं! माझ्या अंगात नवी राजवट संचारली. भर वाटेवर, ऐंशी माणसांपुढे मी भाषण केलं. म्हटलं, आता स्वराज्य आलंय. देवीच्या नावाने दहा-दहा पाट्या जास्त वाहायच्या, ही खुळी समजूत आहे. विज्ञान आहे, गणित आहे. शेवटी मी "जय हिंद"सुद्धा म्हटलं. काय सांगू, अजून आठवलं की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यावंसं वाटतं.

लोकांनी गणिताचा विचार करून कौल दिला असं समजू नका. पाठीवर तीस पाट्या वाहाव्यात की चाळीस, एवढाच प्रश्न होता. "मास्तरणीचाच बरोबर हाय!" असा एकच गलका झाला. विज्ञान जिंकलं.

बुधीबायने वाद घातला नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. पदरातले दहा खडे तिने एकेक करून वाटेच्या कडेला ठेवले आणि घरी गेली.

दगड फोडला गेला, वाहिला गेला. माणशी तीस पाट्या पुऱ्या झाल्या आणि पुरुष राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायच्या, कामाला लागले. त्यानंतर मी रोज एक गंमत बघत असे. पाण्याला गेलेल्या बुधीबायच्या टोळीतल्या बायका परत येताना डोक्यावर हंड्याऐवजी पाटी. मग पुन्हा खाली जायचं, आणि पुन्हा पाटी. वीस बायका, रोज दोन-दोन पाट्या. सगळा दगड तिच्या घरामागे. मी एकदा विचारलं, "गोठा बांधता की काय?"

"धरतरीचं पान वाढतूय," ती म्हणाली.

मी हसले. म्हटलं, चालू द्या. मुलांना मी त्याच दिवशी अंधश्रद्धेवर निबंध सांगितला. पहिली-दुसरीची मुलं, त्यांनी गायीवर लिहिला.

वैशाखात वाट घालायला सुरुवात झाली. दगड पसरायचा आणि धुम्मसाने, म्हणजे दांड्याच्या जड लाकडी ठोकळ्याने ठोकायचा. दण्, दण्, दण्. दिवसभर तोच आवाज. मी शाळेतून बघायचे. दगड पसरला की अर्ध्या फुटाच्या वर दिसायचा, ठोकला की खाली जायचा. मग वर अजून टाकायचा. बारके दगड मोठ्यांच्या फटींत शिरायचे, खालचे मऊ मातीत रुतायचे. ढीग माझ्या डोळ्यांदेखत आटत होता. पाव वाट झाली तेव्हाच ढिगाचा तिसरा हिस्सा संपला होता. पण तोंडाने कबूल करेन तर ती मी कसली! रात्री उजळणी करायचे: चारशे गुणिले सहा गुणिले अर्धा. बरोबर! सकाळी ढीग आणखी लहान.

मोहाच्या झाडाशी शेवटची पाटी पडली. शाळा शंभर फूट पलीकडे. आणि खाचरांतला सगळ्यात वाईट चिखल होतो तो नेमका तेवढ्याच शंभर फुटांत. मृगाला बारा दिवस उरले होते. पुरुषांना शेतं सोडून पुन्हा ओहळात उतरायला सवड नव्हती.

पाटील आले. माणसं जमली. सगळे माझ्याकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "जव्हारचा गणित जव्हारातच बरा." दुसरा म्हणाला, "साहेब येनार, बूट भिजनार, शाळा जानार." पाटील मला अहो-जाहो करत, म्हणून जास्तच लागलं. "बाई, तुम्ही तीन वेळा तपासलं होतंत ना?"

चष्म्यात पाणी साठलं होतं. चष्मा काढून पुसावा, एवढंही सुचलं नाही.

एवढ्यात मागून बुधीबाय आली. गर्दीतून वाट काढत मोहाखाली आली, तळहात दगडावर ठेवला, दोनदा थापटला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वरडता कशाला? माणसांच्या तीस संपल्या. धरतरीच्या दहा माझ्या मागल्या दारी हायेत. मास्तरणीचा न् माझा ठरलाच होता तसा. आधी तुमच्याकडनं तीस घ्यायच्या, मग बायकांकडनं दहा. चाळीस सांगितल्या असत्या तर तुमी मेल्यांनी वीस तरी आनल्या असत्या का?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी खुदकन हसलं. पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं होय!" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाट शाळेच्या दाराला टेकली. बुधीबायच्या घरामागे ना एक पाटी उरली ना एक कमी पडली. वीस बायकांनी वीस दिवस, रोज दोन पाट्या, करा हिशेब. तो हिशेब तिने कागदाशिवाय लावला होता, माझं भाषण ऐकल्यावर, घरी जाताना.

आज त्या वाटेवर डांबर आहे. गाड्या जातात. माझी नात इंजिनीअर झाली आहे, रस्तेच बांधते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आजी, दाबल्यावर सुट्या खडीचा साधारण पाव भाग बसतो. आम्ही तो आधीच धरतो." मी म्हटलं, "माहीत आहे. धरतरी पावच जेवते." तिने माझ्याकडे तसंच बघितलं, जसं मी तेव्हा बुधीबायकडे बघितलं होतं. म्हटलं, चालू द्या.

शाळा चाळीस वर्षं तिथे टिकली. सखी पुढे त्याच शाळेत बाई झाली. हे सांगताना माझी मान ताठ होते. त्यात माझं श्रेय किती? फार तर पाऊण पान. पण बुधीबायबरोबर एका पाड्यावर राहिले, तिने मला नाव ठेवलं आणि हाकही मारली, एवढं माझ्या पदरात आहे आणि ते मी भर बाजारातून, हळूहळू चालत, सगळ्यांना दाखवत नेते.

साहेब आषाढात आले. पाऊस धो धो. खाचरं तुडुंब, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधे काळीभोर वाट. साहेब छत्री धरून चालत आले. सगळा पाडा बुटांकडे बघत होता. शाळेच्या पायरीशी त्यांनी बूट काढले, उलटे करून बघितले, मोजेही चाचपून बघितले. कोरडे! "शाळा राहील," म्हणाले. मग विचारलं, "दगडाचा अंदाज कोणी काढला? एक ढीगसुद्धा उरलेला दिसत नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बुधीबायने बोट दाखवलं. माझ्याकडे.

साहेब म्हणाले, "शाबास, बाई."

आणि मी? मी मान डोलावली. हो, डोलावली! गुन्हा एकच कबूल केला होता ना सुरुवातीला? हा दुसरा. हा मोठा.

साहेब गेले आणि मी भर पावसात तिच्या घरी धावले. ती वळचणीखाली बसून चोपणं धूत होती. मी रडत होते की पावसाने भिजले होते, ते मलाही सांगता आलं नसतं. म्हटलं, "बुधीबाय, तुम्ही खोटं का बोललात? तुम्ही मला गावापुढे खोटी पाडायला हवं होतं. शोभलं असतं मला ते."

तिने चोपणं बाजूला ठेवलं. उंबऱ्यालगतचा तांबडा चौकोन हाताने पुसला. वळचणीचं पाणी त्यावर पडत नव्हतं. त्यावर दोनदा थापटी मारली आणि मला हाताला धरून खाली बसवलं. मी अवघडून कडेला टेकले. ती म्हणाली,

"दगूड कमी पडलं तर व्हळ हाय. तू पळून गेली असतीस तर दुसरी मास्तरीण कुठल्या व्हळातून काढली असती? नीट मांडी घाल आता, पाऊणपान. पुरी जागा भर."